न पाहिलेल्या मुक्तिनाथचा वाटाड्या

आधी माफी मागायला हवी. नेपाळबद्दल लिहायला बसलो आहे आणि नेपाळ मी पाहिलेला नाही. हिमालयही नाही. लिहिण्याचा अनुभव म्हणाल, तर लॅबचे रिपोर्ट आणि आईला पाठवलेले मेसेज, एवढाच. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे असलं काही लिहावं की लिहू नये हे विचारायलाही घरात कोणी नाही. तरी लिहितो, कारण गेल्या ऑक्टोबरात काही दिवस मी त्या देशाचा गाईड होतो. तोही नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलमधून, कपड्यांच्या कपाटात बसून.

माझी आई परभणी जिल्ह्यातल्या एका गावात शाळेत खिचडी शिजवते. गावातल्या बायकांच्या भजनी मंडळाने नेपाळची यात्रा ठरवली. रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ आणि शेवटी काठमांडूचा पशुपतिनाथ. आईला वाचता येतं, पण अक्षराला अक्षर लावत. चालत्या बसमध्ये तर तिला वाचून गरगरतं.

“तूच वाचून सांग ना रे,” ती फोनवर म्हणाली. “तिथं काय बघायचं, कसं बघायचं. नाहीतर मी नुसती सगळ्यांच्या मागं मागं फिरून येईन.”

हे ऐकून मला काय वाटलं ते सांगायचं, तर थोडं मागे जावं लागेल. मी इथे सिव्हिल इंजिनीअरिंगमध्ये मास्टर्स करतो. पावसात डोंगरउताराची माती का आणि कधी सरकते, यावर माझं काम आहे. आईला मी ते दोन-तीनदा समजावून पाहिलं होतं. ती “बरं बरं” म्हणायची आणि पुढच्याच श्वासात “जेवलास का?” गावात कोणी विचारलं तर “मातीचं काहीतरी शिकतोय” असं सांगायची. माती काय आमच्याकडे कमी होती, असा लोक चेहरा करायचे. तेव्हा मी वाचलेलं काही आईला हवंय, असं हे पहिल्यांदाच घडत होतं.

माझा रूममेट नेपाळचा. म्हटलं, आपलं काम सोपं झालं. आम्ही आपसात हिंदीत बोलतो, पण इथे मराठीतच लिहितो.

“मुक्तिनाथला कसं असतं?” मी विचारलं.

“मला काय माहीत? मी कधी गेलोय?”

“तू नेपाळी आहेस ना?”

“तराईतला आहे यार. आमच्याकडे तुमच्यासारखंच सपाट. तू अजिंठा पाहिलायस?”

“नाही.”

“घरापासून किती लांब?”

मी विषय बदलला.

शेवटी आम्ही दोघांनी मिळून वाचलं, व्हिडिओ पाहिले, त्याच्या आईलाही फोनवर विचारलं. आमच्या अपार्टमेंटमध्ये एसीचा घरघराट फार, म्हणून मी कपाटात, टांगलेल्या जॅकेटांच्या मध्ये बसून एकेका ठिकाणाचा व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करायचो. आई संध्याकाळी हॉटेलच्या वायफायवर तो उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये ऐकायची. तिची संध्याकाळ म्हणजे माझी सकाळ. तेव्हा कॉलेजची बस येईपर्यंत स्टॉपवर उभा राहून मी तिचे मेसेज ऐकायचो.

लुंबिनीबद्दल मी सांगितलं, की बुद्धाचा जन्म झाला ती जागा मायादेवीच्या देवळात आत आहे, तिथे सावकाश रांगेने जायचं; बाहेर तळं आहे, अशोकाचा खांब आहे; खांबाजवळ घाई करू नका, सावलीत बसा. आईचं उत्तर आलं, “बसलो. लई गार वाटलं. खिचडीला माझ्यासोबत असते ना, तिनं तिथलं पिंपळाचं पान मागितलं होतं. तोडायचं नाही म्हणाले. पण पडलेलं मिळालं.”

तिच्या मागून शेजारच्या मावशीचा आवाज आला. या मावशी मंडळात टाळ वाजवतात आणि टाळापेक्षा मोठ्याने बोलतात.

“ए पोरा, जरा जोरात बोलत जा! मागच्या सीटवर काही ऐकू येत नाही!”

म्हणजे माझे मेसेज सगळी बस ऐकत होती. मी कपाटात बसून घामाघूम झालो. पण दुसऱ्या दिवशी मोठ्याने बोललो.

पोखऱ्याला मी तोंडावर आपटलो. फेवा तळ्यात नाव घ्या, मधल्या बेटावर देवीचं दर्शन करा, सकाळी लवकर गेलात तर बर्फाचं शिखर तळ्यात उलटं दिसतं, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. सकाळी सगळीकडे ढग. मावशींचा मेसेज आला, “देवी भेटली. तुझा डोंगर कुठं ठेवलास रे?”

मी हसलो, पण ते ढग मनातून जाईनात. पाऊस सरलेला असतो म्हणून तर मंडळाने दसऱ्यानंतरचे दिवस धरले होते.

त्याच संध्याकाळी आईने फोन केला. मुक्तिनाथचा रस्ता वाईट आहे, जीपने जावं लागतं, ज्यांना नको वाटतं त्यांनी पोखऱ्यालाच थांबावं, असं यात्रा काढणाऱ्या माणसाने सांगितलं होतं. पाच-सहाजणी थांबणार होत्या.

“मी जाऊ का रे?”

मावशी जाणार होत्या. आईच्या आवाजात जायचं होतं, हे मला कळत होतं. तो रस्ता कुठल्या खोऱ्यातून जातो, वरची माती कशी आहे, हेही मी वाचलेलं होतं. तरी म्हणालो, “जा आई.”

मग मी मुक्तिनाथचा मेसेज केला, सगळ्यांत मोठा. हवा विरळ असते, हळू चाल, दम लागला की खुशाल थांब. देवळामागे गाईच्या तोंडांतून एकशे आठ धारा पडतात, पाणी बर्फासारखं असतं, सगळ्यांखाली अंग घालायलाच हवं असं काही नाही, नुसता हात फिरवलास तरी चालतं. हे शेवटचं मी स्वतःच्या जबाबदारीवर सांगितलं.

आईने तो निघायच्या आधी ऐकला. त्यानंतर मी विचारलं, “पोचलात का?” त्या मेसेजपुढे एकच टिक आली. दुसऱ्या सकाळीही एकच टिक. वर हॉटेलात वायफाय असेल असं सांगितलेलं होतं. मी अजून एक पाठवला, मग अजून एक. सगळे एकाखाली एक, एकेका टिकेचे. यात्रा काढणाऱ्या माणसाचा फोन लागत नव्हता. पोखऱ्याला थांबलेल्या बायकांना इतकंच माहीत होतं, की जीप वर गेल्या आणि पाऊस सुरू झाला.

रूममेट नेपाळी बातम्या वाचून मला सांगायचा. मुक्तिनाथच्या रस्त्यावर, बेनी गावाच्या वर, दरड पडलीय, गाड्या अडकल्यात.

“कुणाला काही झालंय का?”

“तसं लिहिलेलं नाही.”

“झालेलं नाही असं लिहिलंय, की काहीच लिहिलेलं नाही?”

त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, “चहा करतो.”

लॅबमध्ये माझ्या कॉम्प्युटरवर एका उताराचं चित्र असतं. पावसाचं पाणी मुरत गेलं की माती जिथे सुटायला लागते तो पट्टा लाल होतो. वर्षभर मी तो लाल पट्टा पाहत आलो होतो. त्या दिवसांत मात्र फाईल उघडवेना. डोंगराखाली कोण आहे, हे त्या चित्रात कुठेच नसतं, असं पहिल्यांदा लक्षात आलं.

रविवारी जवळच राहणाऱ्या एका काकूंनी जेवायला बोलावलं. त्या मूळच्या नागपूरच्या. आमच्यासारख्या एकट्या विद्यार्थ्यांना अधूनमधून बोलावतात. मी नको म्हणालो, तर स्वतः कार घेऊन आल्या. ताटात वरण-भात वाढून माझ्यासमोर बसल्या.

“जेव आधी. उपाशी राहून रस्ता मोकळा होणार आहे का?”

“मीच जा म्हणालो, काकू.”

“मग? तुला इकडे ये कोण म्हणालं होतं?”

“आईच.”

“आणि पोचल्यावर फोन कधी केलास तिला?”

मला आठवलं. विमानतळावर वायफाय लागलं नव्हतं. मग सामान, अपार्टमेंटची किल्ली, झोप. आईला फोन केला तो दुसऱ्या दिवशी. ती म्हणाली होती, “बरं बरं, जेवलास का?” त्याआधी ती काय करत होती, हे मी कधीच विचारलं नव्हतं.

“आता कळलं ना?” काकू म्हणाल्या आणि वर अजून भात वाढला. बोलणं टोचलं, पण त्या दिवसांत पोटभर जेवलो ते तेवढंच.

सोमवारी सकाळी स्टॉपवर उभा होतो. फोन खिशात होता. सारखा बघायचा नाही असं ठरवलं होतं. तो थरथरला. पाहिलं तर माझ्या मेसेजपुढच्या टिका जोडीने येत होत्या, वरून खाली, आणि मग एकामागून एक निळ्या होत होत्या. मेसेज आईच्या फोनवरून ऐकले जात होते. मी स्टॉपच्या बाकावर बसलो. बस आली. ड्रायव्हरने दार उघडून माझ्याकडे पाहिलं. मी हाताने जा म्हणालो.

मग तिचा मेसेज आला. मागे भांड्यांचा आवाज होता.

“हॅलो. चालू झालं का हे? हां. अरे, आम्ही बऱ्या आहोत, सगळ्या. आता बेनीला आलो. आधी दर्शन झालं, ते सांगते. तू म्हणलास नुसता हात फिरव. मावशी पळाली धारांखालून, मग मी पण पळाले! डोकं बधिर झालं. पण एक पण धार सोडली नाही. वर हॉटेलात वायफाय बंदच होतं. परत येताना खाली दरड पडली. डायवरनं गाडी वळवली, मारफा म्हणून गाव हाय, तिथं नेऊन ठेवलं. लाईट नाही, फोन नाही. ज्या बाईच्या घरी राहिलो तिनं चुलीपाशी बसवलं. मावशीनं पिशवीतलं बेसन काढून पिठलं केलं. त्या बाईनं खाल्लं, डोळ्याला पाणी आलं, तरी अजून मागितलं. झाडाला लागलेली सफरचंदं बघितलीस का तू कधी? मी बघितली. तू काळजी केली असशील. मला माहीत हाय ते कसं असतं.

आज रस्ता मोकळा झाला, तेव्हा दरड बघितली. एवढा डोंगर, सगळा रस्त्यावर आलेला. मशीन माती ओढत होतं. मी तिथंच उभी राहिले. मावशीला म्हणलं, माझं पोरगं हेच शिकतंय. हेच ना रे? मग मला आता नीट सांग, डोंगर असा का घसरतो. बसनं काठमांडूला जायला दिवस लागतो म्हणे. मोठा मेसेज कर. आणि जोरात बोल, मागच्या सीटवर पण ऐकायचंय त्यांना.”