घमेल्यातली पाणबुडी

बाळापूरच्या बस स्टँडसमोर मोतीरामचं सायकल दुकान होतं. दारात पाण्याचं घमेलं. ट्यूब त्यात दाबायची; बुडबुडे आले की तिथं भोक. लग्नापासून सुंदराबाई नवऱ्यासोबत हेच काम करत आलेली. बुडबुड्यांचा दुसरा अर्थ तिला ठाऊक नव्हता.

मुलगा सूर्यभान नौदलात होता, देशाच्या पहिल्याच पाणबुडीवर. अडुसष्टच्या हिवाळ्यात तो रजेवर आला आणि आईची भीती जावी म्हणून पावडरच्या डब्याची पाणबुडी केली. तळाला भोक, पाठीवर रबरी नळी, नळीला सायकलचा पंप.

"पाह्य माय, अशी जाते."

त्यानं डबा घमेल्यात कलता केला. बुडबुडे सोडत तो तळाशी गेला.

"फुटली ना रे."

"फुटत नाई. पाणी आत घ्यासाठी हवा सोडून राहिलो."

पंप मारला, पाणी बाहेर पडलं, डबा वर आला. सुंदराबाईच्या डोळ्यांपुढून मात्र बुडबुडे हलले नाहीत.

रजा संपली, सूर्यभान परत गेला. मोतीराम तो डबा तेलाच्या फडक्यात जपून ठेवी आणि येईल त्याला दाखवी. समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. लोक वाकून बघत. शेजारचा देवमन म्हणे, "पंक्चर मंग काढजो, पयले पोराले बुडव." सुंदराबाई तेवढ्यात आत निघून जाई. ट्यूबही ती आता पाण्यात धरत नसे. हवा भरून गालाजवळून फिरवी, गार लागे तिथं भोक. सूर्यभानचं पत्र बरेच दिवस नव्हतं.

शेषराव गुरुजींनी सव्वीस जानेवारीसाठी शाळेत पाणबुडी मागितली.

"तिथं बुडवू नका," सुंदराबाई म्हणाली. "वरतीच राहू द्या."

"बुडली नाई त पाणबुडी कायची?" मोतीराम म्हणाला.

त्या दिवशी ती शाळेच्या फाटकापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

शाळेत अर्धं गाव लोटलं होतं. डबा बुडबुडे सोडत खाली गेला. मोतीरामनं पंप मारला. पुन्हा मारला. डबा हलेना. कुणीतरी हसलं. मोतीराम पंप मारतच राहिला.

गर्दीतून वाट काढत सुंदराबाई घमेल्यापाशी बसली. तळाकडे तिनं पाहिलंच नाही. घमेल्याच्या काठावर वळलेली नळी उचलून गालाजवळून फिरवली. एका जागी गार लागलं तशी थांबली. तिथं अंगठा दाबला.

"मारा हवा."

डबा वर आला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"झालं आता, सोड," मोतीराम म्हणाला.

"दाखवा अजून सगळ्यायले," ती म्हणाली. "मी धरून हावो."