माईंनी जोडलेला कॉम्प्युटर

सुलभाकाकूंचा फोन आला तेव्हा मी पालीला माहेरी होते, भावाच्या अंगणात पापड वाळत घालत. सुलभाकाकू म्हणजे रत्नागिरीच्या मांडवीतल्या आमच्या शेजारीण. “नीता, घाई करू नकोस, पण नीघ,” एवढंच म्हणाल्या, आणि त्यातच काय ते कळलं. माझ्या सासूबाईंनी, माईंनी, दुपारचा चहा घेतला, कपबशी विसळून पालथी घातली आणि खुर्चीत बसल्या, त्या बसल्याच. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला याहून नीटनेटकं मरण काय मिळणार, असं भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला. दीड महिना होत आला, मला मात्र अजून रागच येतो. मला न सांगता त्या काही करत नसत. आधी एकदाच केलं होतं, आणि त्या एका वेळेने आम्हा दोघींची पार झोप उडवली होती.

चार वर्षांपूर्वी माई पडल्या आणि कंबरेचं हाड मोडलं. प्रशांत, माझा नवरा, तेव्हा बोटीवर होता, म्हणून ठाण्याच्या ऑफिसातून दोन महिन्यांची रजा घेऊन मी रत्नागिरीला आले. माझं काम म्हणजे अजून न बांधलेल्या इमारतींची खरीखुरी वाटतील अशी चित्रं कॉम्प्युटरवर तयार करायची. रजा संपत आली, माई काठीवर चालायला लागल्या, पण त्यांना एकटं टाकून जायला पाय निघेना. राहते म्हणायलाही जीभ उचलत नव्हती, कारण लग्नानंतरची नऊ वर्षं आम्ही एकमेकींशी पाहुण्यांसारख्याच वागत होतो. शेवटी साहेबांनी सांगितलं, एक बंगला देतो, तिथून करून दाखव, सोमवारी सकाळी चित्र मिळालं तर पुढे तिथूनच काम कर, नाहीतर मंगळवारी ऑफिसात हजर हो. माझा लॅपटॉप ते काम उचलणारा नव्हता. डेस्कटॉपचे सुटे भाग मागवले, ते गुरुवारी आले, आणि जोडून देणारा माणूस नेमका चिपळूणला कामाला गेलेला, आठ दिवस येणार नव्हता. मी कपाळाला हात लावून बसले. माई खोक्यांकडे बघत होत्या. म्हणाल्या, “आपण जोडूया की.”

माई तीस वर्षं मांडवीत शिवणाचे वर्ग चालवत होत्या. वर्गातली सगळी मशीनं त्या स्वतः खोलायच्या, तेल द्यायच्या, पुन्हा बसवायच्या. मशीनवाल्याला घरात घ्यायचं नाही हा त्यांचा बाणा. “लावताना कळतं गो कुठचं कुठे जातं ते. जोर नाय करायचा, बसायचं असलं की आपसूक बसतं.” मला हसू आलं, पण दुसरा मार्गही नव्हता. मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. माईंनी कटिंगचं टेबल पुसून त्यावर जुनं धुवट लुगडं अंथरलं, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला, आणि आम्ही दोघी कामाला लागलो.

प्रोसेसर कसा ठेवायचा तेच मला समजेना. माईंनी त्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण लगेच हेरला. “ही बघ खूण. बाहीला मारतो तशी. खुणेला खूण जुळव.” जुळवली आणि तो चकार शब्द न काढता बसला. मेमरीच्या पट्ट्या मी घाबरत घाबरत दाबल्या, तर म्हणाल्या, “टिचकन आवाज येईपर्यंत दाब, बॉबिन केसला येतो तसा.” चालू करायच्या बटणाच्या केसासारख्या बारीक तारा तर मी हातातच घेतल्या नाहीत. सत्तरीच्या बाईने भुवया कोरायच्या चिमट्याने त्या एकेक करून लावल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा आम्ही तीन तास सलग बोलत होतो, आणि त्यातलं एकही वाक्य भाजी काय करायची याबद्दल नव्हतं.

शुक्रवारी दुपारी बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं उमटली आणि मी माईंना मिठीच मारली. त्यांना ती सवय नसल्यामुळे त्या दोन्ही हात बाजूला धरून खांबासारख्या उभ्या राहिल्या. संध्याकाळी बंगल्याचं चित्र तयार करायला लावलं. दहा मिनिटांत सगळं बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. शनिवारभर तेच. मी विजेला दोष दिला, माईंनी बोर्डाच्या अर्थिंगला, सुलभाकाकूंनी अमावास्येला. संध्याकाळी मी गपचूप सोमवारच्या गाडीचं तिकीट बघायला लागले. माईंनी ते पाहिलं. रात्री जेवल्या अर्धी भाकरी.

रविवारी सकाळी सुटे भाग देणाऱ्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, प्रोसेसर तापत असणार, वरचा पंखा उतरवून बघा. आम्ही उतरवला. पंख्याच्या खाली जो तांब्याचा पत्रा प्रोसेसरला टेकून त्याची उष्णता ओढून घेतो, त्यावर पातळ, पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं होतं. त्यावर ‘काढून टाका’ असं इंग्रजीत छापलेलंही होतं. आणि ते मी गुरुवारी काढलं होतं... मला पक्कं आठवत होतं.

इथे आमच्या घराविषयी सांगायला हवं. आमच्या घरात कुठलीच वस्तू उघडी नसे. रिमोट प्लास्टिकमध्ये, मिक्सर प्लास्टिकमध्ये, घड्याळाच्या काचेवरचा कंपनीचा कागददेखील अकरा वर्षं जागचा हललेला नव्हता. समुद्र दारात असल्यावर कडी-कोयंडे, कात्र्या, सुया, सगळ्याला गंज चढतो, आणि माईंचं अर्धं आयुष्य त्या गंजाशी भांडण्यात गेलं होतं.

“माई, हे मी काढलं होतं,” मी म्हटलं.

माईंनी वरचा चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, “तू काढलंस. चहा टाकायला गेलीस तेव्हा मी परत लावलं.”

“का पण?”

“नवा कोरा तांब्याचा पत्रा गो. खारा वारा दोन महिन्यांत खाऊन टाकील त्याला. तुम्ही समुद्रापासून लांबची, पालीची माणसं, तुम्हाला काय ठावक.”

मी चिडले. नऊ वर्षांत त्यांच्यापुढे पहिल्यांदा माझा आवाज चढला. तीन दिवस फुकट गेले, नोकरी जायची वेळ आली, विचारायचं तरी होतं, असं काय काय बोलले. माई खाली मान घालून ऐकत होत्या. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाल्या, “रागव. पण आधी पुसूया ते, मग रागव.” आणि प्लास्टिक सोलून, इंजेक्शनच्या स्पिरिटचा कापूस घेऊन पत्रा पुसायलाही लागल्या. मला इतकं हसू फुटलं की खुर्चीत बसावं लागलं. पुसता पुसता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “तू गेली असतीस तर माझ्या हातानं गेली असतीस... ते मला नसतं सोसलं.” राहा असं माई मला कधी म्हणाल्या नाहीत. त्या जे बोलल्या ते एवढंच.

उरलेली पेस्ट लावून आम्ही पंखा परत बसवला, या वेळी काही बंद पडलं नाही, आणि रात्री आठ वाजता चित्र पूर्ण झालं. माईंनी चष्मा लावून बंगला खालपासून वरपर्यंत तपासला आणि म्हणाल्या, “छान हाय. पण खिडक्यांना पडदे नायत.” मी पडदे घातले. साहेबांना नेमके तेच आवडले. मी राहिले.

पुढे मांडवीत कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की माईंना बोलावणं यायचं. त्या काठी टेकत जायच्या आणि डॉक्टरच्या थाटात पहिला प्रश्न विचारायच्या, “प्लास्टिक काढलंत का?” एकदा एका मास्तरांच्या प्रिंटरमधून खरंच प्लास्टिक निघालं, त्यानंतर तर त्यांना आवरणं कठीण झालं. आमच्या कॉम्प्युटरला मात्र त्यांनी सुती झगा शिवला, वारा जायला बाजूंनी काजांची रांग ठेवून.

तेराव्यानंतर प्रशांत म्हणाला, आता इथे तू एकटी काय करणार, ठाण्याला चल. बोलण्यात काही चूक नव्हती. कॉम्प्युटर अख्खा नेला तर वाटेत आदळायचा, म्हणून आतले जड भाग सुटे करून बॅगेत घालायचे ठरले. हे काम मी मागून घेतलं. दर वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही दोघी पेटी उघडून साफ करायचो. स्क्रू काढायचे मी, घट्ट बसवायचे माईंनी. मी झगा उतरवला, पेटी टेबलावर आडवी घेतली, स्क्रूड्रायव्हर लावला. तीन स्क्रू निघाले. चौथ्यावर माईंच्या मनगटाचा सगळा जोर होता. मी फिरवून पाहिलं. प्रशांत दारातून विचारत होता, “निघतोय का? मी येऊ?”

“नाही निघत,” मी म्हटलं, आणि काढलेले तिन्ही परत बसवून टाकले. खरं सांगायचं तर चौथ्याला मी जोर लावलाच नव्हता.