फोर-व्हीलचा लिव्हर आणि गावची चढण

मंडळी, आज सकाळी आमची जुनी वॅगन मुलुंडच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला नेली होती. लांबलचक, फोर-व्हील ड्राइव्हची गाडी. सोसायटीत ती वळवताना रोज कुणाची तरी बोलणी खातो. पण माझ्या नवऱ्याने, संजयने, ती हौसेने घेतली ती मालवणजवळच्या गावच्या घरासाठी. घरापर्यंतची शेवटची चढण लाल मातीची. साध्या गाडीची तिथे वाटच लागायची.

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, फोर-व्हीलचा लिव्हर जाम झालाय. वापरत नाही का?"

 सासूबाईंच्या बाराव्याला संजयचं आणि त्याच्या मोठ्या भावाचं शब्दाला शब्द वाढून भांडण झालं. तेव्हापासून आम्ही गावी गेलोच नाही. कुणी विचारलं की हा म्हणायचा, "गाडीचं काम आहे ना, ती चढण झेपणार नाही."

तासाभरात लिव्हर सुटला. मी म्हटलं, "आता लोकांना काय सांगणार रे?"

मला वाटलं चिडेल. पण त्याने तिथेच फोन लावला. "दादा, मी बोलतोय. गाडी नीट झाली. चढण अजून तशीच आहे ना?"

स्पीकरवर दादांचा आवाज आला. "रस्तो कधीचोच डांबरी झालो. आता रिक्षा पण दारात येता. तू कधी येतंस, ता सांग."

संजयने फोन माझ्यापुढे धरला. मी म्हणाले, "दादा, शनिवारी निघतो."

तुमचंही असं कुणी आहे का, ज्याच्याकडे जायचा रस्ता कधीच सोपा झालाय आणि तुम्ही विचारलंच नाहीये?