हरकतीचं उत्तर

शेजारच्या शांताकाकू इंग्रजीतलं सरकारी पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. नव्या वीजवाहिनीचा मनोरा त्यांच्या परसात, घराला अगदी लागून उभा राहणार आहे. तो थोडा पलीकडे घ्यावा, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला होता.

"तुमची हरकत नोंदवली आहे," मी पहिलं वाक्य सांगितलं.

"नोंदवली ना! आमचे हे हसत होते. म्हणे, तुझं अक्षर कोण वाचतंय!" काकूंनी पत्र माझ्या हातातून घेऊन कपाळाला लावलं आणि देवापुढे ठेवायला त्या निघाल्यासुद्धा.

अशी पत्रं लिहायला आम्हाला शाळेत शिकवलं होतं. नम्र, नेटकी, एकही शब्द वावगा नाही. समोरच्याने काय विचारलं होतं, ते मात्र त्यांत कुठेच येत नाही. आभाळ भरून आलं की खोलीतला उजेड नकळत जातो, तसं काहीसं ती वाचताना होतं.

मी काकूंना थांबवलं आणि दुसरं वाक्यही सांगितलं. काम ठरलेल्या जागीच होईल.

काकूंनी कागद पुन्हा माझ्यापुढे धरला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"पण नोंदवलीय ना?"

"हो," मी म्हटलं.