मागची हद्द

घर विकताना इथे इंग्लंडमध्ये एक फॉर्म भरावा लागतो. डावीकडचं कुंपण कोणाचं, उजवीकडचं कोणाचं, मागची हद्द कोण सांभाळतं. आपल्या खरेदीखतातली चतुःसीमाच, फक्त अधिक नम्र. तीन आठवडे मी तो ‘मागची हद्द’पाशी अडवून ठेवला होता. मुलगी आणि नातवंडं कॉव्हेंट्रीत, बायकोचं मनही तिथेच. सोमवारी कागद सॉलिसिटरकडे जायचे होते आणि मी खिडकीपासून किटलीपर्यंत येरझाऱ्या घालत होतो.

आदल्या दिवशी, रविवारी, वर्षातून एकदा गावाची शीव चालून जायची प्रथा होती. केंब्रिजजवळच्या आमच्या खेड्याची हद्द हजारेक वर्षांपूर्वीच्या एका अँग्लो-सॅक्सन दानपत्रात लिहिली आहे: जुन्या काटेरी झाडापासून चराच्या कडेने ओढ्यापर्यंत. तेव्हा जमीन ‘हाइड’मध्ये मोजत, एक हाइड म्हणजे एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी. हे पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या, अध्यक्षांनी पीस खोवलेली टोपी घालून सांगितलं, जणू दानपत्रावर साक्षीदार तेच होते. त्यांना गावात येऊन चार वर्षं झाली होती.

काटेरी झाडापाशी सगळे थांबले. पुढे चर नव्हताच, नुसती नांगरट. अध्यक्षांनी लॅमिनेट केलेला नकाशा उलटासुलटा करून पाहिला.

“चर बुजवलाय,” मी म्हणालो. मी इथला जीपी, म्हणजे गावाचा डॉक्टर होतो. ज्या शेतकऱ्याने तो बुजवला, त्याचा गुडघा तपासायला जायचो तेव्हा चर कुठे होता ते त्याने खिडकीतून दाखवलं होतं. जमीन अजून तिथे दबते. मी चिखलात पुढे निघालो, गाव मागे. चर सरळ माझ्याच परसामागे आला.

“डॉक्टर, पुढच्या वर्षी सगळ्यांच्या पुढे तुम्हीच,” अध्यक्ष म्हणाले.

“ऑफ कोर्स!” मी म्हणालो. पेशंटला नाही म्हणायची मला सवय नाही.

बायको शेजारीच होती. “अहो, ऑफ कोर्स काय? कॉव्हेंट्रीहून येऊन चिखल तुडवणार?”

घरी येऊन फॉर्म भरला. मागची हद्द: बुजलेला चर. कोणीच सांभाळत नाही. आता अडवायला रकाना उरला नव्हता.

“करा सही,” बायको म्हणाली.

“बूट वाळू देत.”

“सही पायाने करता का?”

केली. मग ओले बूट पुन्हा चढवून परसात गेलो आणि तिने दोनदा हाक मारेपर्यंत कुंपणापलीकडे बघत राहिलो.