पडद्यावरच्या बडबडीचा वैरी

आमच्या पेठच्या कापडदुकानदार शेठजींइतका भांडखोर टीकाकार उभ्या आंबेगाव तालुक्यात झाला नाही. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा पहिला घोट घेतला की ते आचाऱ्याला समोर बोलावून घेत. गिऱ्हाईकानं पसंत केलेली साडी हातातून ओढून घेत आणि म्हणत, "ताई, ह्यो रंग तुमाला शोभायचा न्हाई. मी इकणारच न्हाई!" दुकान चाललं कसं, देव जाणे. नव्वदच्या त्या दशकात या माणसानं एकाच गोष्टीला कधी नावं ठेवली नाहीत, ती म्हणजे दर दिवाळीत टीव्हीवर लागणारा मातीच्या बाहुल्यांचा अर्ध्या तासाचा खेळ. एक म्हातारा आकाशकंदील टांगायला निघतो आणि काही केल्या तो टांगला जात नाही, एवढंच. त्यात बोलणं एका शब्दाचंही नाही. शेठजींच्या बायकोला, आमच्या वहिनींना, जन्मापासून ऐकू येत नसे. सगळी आळी त्यांच्या ओसरीवर जमायची, आणि म्हातारा शिडीवर पाय ठेवायच्या आधीच वहिनी खदखदून हसायच्या. शेठजी पडदा सोडून त्यांच्याकडेच बघत बसायचे.

पुढं दोन हजार साल उलटल्यावर मुंबईच्या कुण्या शहाण्यानं तोच खेळ खरे नट घेऊन सिनेमात काढला. पेपरवाल्यांनी तर डोक्यावरच घेतला! खुसखुशीत संवादांनी म्हणे जुन्या बाहुल्यांत प्राण फुंकले. प्राण फुंकले, डोंबल! शेठजी हौसेनं वहिनींना मंचरच्या थेटरात घेऊन गेले, सोबत मी. म्हातारा शिडीवर कमी आणि तोंडानंच जास्त. लोक हसले की वहिनी आमच्या तोंडाकडे बघत आणि मागाहून हसत. ते तसलं हसू बघून माझंच डोकं फिरलं. शेठजी तर खुर्चीवर उभेच राहिले. "आरं, गप बसवा त्या म्हाताऱ्याला! लई बोलतोय!" डोअरकीपरनं आम्हाला बाहेर काढलं. एसटी स्टँडवर शेठजींनी पेपरवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. "कान हायेत राव त्यांना, म्हणून डोळं फुटलेत!"

पुढच्या दिवाळीत टीव्हीवाल्यांनी बाहुल्यांचा खेळ बंद करून त्याच्या जागी हाच सिनेमा लावला. शेठजींनी आवाज पार बंद केला. म्हणाले, "ज्याला ऐकायचंय त्यानं आपल्या घरी जावं." कुणी उठलं नाही. पण पडद्यावर नुसती तोंडं हलत होती. वहिनी थोडा वेळ बघत बसल्या, मग शेठजींच्या खांद्यावर हात ठेवून उठल्या आणि चकल्या तळायला आत गेल्या. शेठजी शेवटपर्यंत बघत राहिले. आता शिव्या घालतील, मग घालतील, म्हणून मी वाट बघत होतो. शेवटी मीच विचारलं, "शेठ, कसा हाय पिक्चर?"

"बरा हाय," ते म्हणाले.

शेठजींच्या तोंडून ते 'बरा' काढणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही.