आत्याबाईंचे फुकटचे मुलूख

माझ्या बायकोच्या आत्याबाईंइतके मुलूख पालथे घातलेली बाई साऱ्या विदर्भात दुसरी नसेल, आणि हा सगळा प्रवास त्यांनी नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या आतल्या खोलीत, लाकडी खुर्चीवरून न उठता केला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा नुकताच बदली होऊन नागपूरला आलो होतो. टाइपरायटरचे दिवस भरले असं कोणीतरी सांगितल्यामुळे आत्याबाईंनी मुलींना शिकवायला म्हणून एक कॉम्प्युटर घेतला आणि विकणाऱ्याने सोबत काही फ्लॉप्या फुकट दिल्या. त्यांत एक खेळ निघाला. चित्र नाही, आवाज नाही. काळ्या पडद्यावर नुसती हिरवी इंग्रजी अक्षरं: तुम्ही एका जुन्या धर्मशाळेच्या दारात उभे आहात, उत्तरेला पायवाट आहे. पुढे काय करायचं ते आपण टाइप करायचं. कुठल्या तरी देशातल्या कोणा हौशी माणसाने तो रचून लोकांत वाटून टाकला होता. आत्याबाईंनी 'उत्तरेला जा' असं टाइप केलं, आणि त्या गेल्या त्या गेल्याच.

मशीनला उष्मा सोसत नाही म्हणून घरातला एकुलता एक वाळ्याचा कूलर आतल्या खोलीत लागला. बाहेर मुली घामाने निथळत टाइपरायटर बडवत आणि आत आत्याबाई थंडगार हवेत दऱ्याखोऱ्यांत हिंडत. मुंबईहून कोणी आलं की त्या मिठाईच्या पुड्याकडे ढुंकूनही पाहत नसत. फ्लॉपी आणली का, एवढंच विचारत. तीही कोणाला ठाऊक नसलेल्या खेळाची हवी. एकदा मी मोठ्या कौतुकाने एक गाजलेला खेळ मिळवून दिला, तर तो त्यांनी परत माझ्या हातात ठेवला. "सगळ्या दुनियेनं पाहून ठेवलेल्या जागी मी काय पाहू, जावईबापू?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चहा न घेताच उठलो.

बरं, खेळायचं तर नियमाने खेळावं! आत्याबाई प्रत्येक हुकमाला शेवटी 'प्लीज' जोडत. मशीन हुकूम पाळे, पण वर म्हणे, हा शेवटचा शब्द कळला नाही. आत्याबाई म्हणत, करणारा हुशार आहे, पण घरचं वळण नाही. धर्मशाळेजवळच्या झोपडीत एक कंदील होता. तो घेतल्याशिवाय गुहेत उतरता येणार नाही, हे माझ्यासारख्या मठ्ठालाही कळलं होतं. मी ते सुचवलं. "घरात मालक नाही, अन् मी त्याचा कंदील उचलून नेऊ? काहून?" त्यामुळे गुहेतल्या खजिन्यापर्यंत आत्याबाई कधीच पोचल्या नाहीत. उजेडात जेवढं जग होतं तेवढं मात्र त्यांनी कोपरा न् कोपरा पाहिलं.

पाहिलेली प्रत्येक जागा त्या खडूने फरशीवर काढत. मुलींना टेकडीला वळसा घालून रजिस्टरवर सही करायला जावं लागे. एक दिवस झाडणाऱ्या बाईने फरशी पुसली. "अवं, माही नदी पुसली तू," आत्याबाई कळवळून म्हणाल्या. ती बाई शांतपणे फडकं पिळत म्हणाली, "नदी होती तं पाण्यानं काहून गेली, बाई?" आठवडाभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. आत्याबाईंचा गुडघा दुखत होता, तरी त्यांनी ओणव्याने सगळं खोरं पुन्हा काढलं.

हे असंच चाललं असतं. पण एका दुपारी सक्करदऱ्याहून सायकलवर शिकायला येणाऱ्या एका मुलीचे वडील आले. गिरणीत कामाला होते, पाळी सुटल्यावर तसेच आले होते. आत्याबाईंनी मान न वळवता त्यांना थांबायला सांगितलं; त्या म्हणे झुलत्या पुलावर मधोमध होत्या. मी तोंड दाबून हसत होतो. ते गृहस्थ दारातच उभे राहिले आणि आवाज न चढवता म्हणाले, "बाई, माही पोरगी नोकरीच्या आशेनं तुमच्याकडे येऊन राहिली. काल मुलाखतीत तिले कॉम्प्युटरवर एक पत्र करून दाखव म्हटलं. तिले तो चालूच करता नाही आला."

पुलावरून आत्याबाई तिथल्या तिथे उतरल्या. वाद घातला नाही, सबब सांगितली नाही. मुलीला उद्यापासून आत बसवते, एवढंच म्हणाल्या. 

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मुलींची पत्रं साठवायला कोऱ्या फ्लॉप्या हव्या होत्या, आणि कोऱ्या फ्लॉप्या नागपुरात सहज मिळत नसत. असलेल्याच कोऱ्या करायच्या होत्या. माझ्या जिभेवर दोन-तीन चांगल्या कोट्या तयार होत्या, पण त्यांचा चेहरा पाहून मी त्या गिळल्या. एकेक खेळ गेला. धर्मशाळेचा शेवटी राहिला. "एकदा समुद्रापर्यंत जाऊन येते," त्या म्हणाल्या.

धर्मशाळेपासून त्या सरळ किनाऱ्यावर गेल्या. तिथून पुढे वाट नव्हती. काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी नुसतं 'बस' असं टाइप केलं. एरवी 'कळलं नाही' म्हणणाऱ्या मशीनने या वेळी उत्तर दिलं: तुम्ही एका खडकावर बसता. समुद्र शांत आहे.

आत्याबाईंनी ते मला वाचून दाखवलं. इन्स्टिट्यूट सुरू केल्यापासून या बाईला रिकाम्या हाताने बसलेलं घरात कोणी पाहिलं नव्हतं. "पाहा," त्या म्हणाल्या, "त्यानं बसाले जागा ठेवून दिली होती. मीच कधी बसली नाही."

मग दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या थोडा वेळ तशाच बसून राहिल्या.  नंतर त्यांनी फ्लॉपी काढून कोरी करायला माझ्या हातात दिली, पदराने चष्मा पुसला आणि दार उघडून बाहेरच्या मुलींना गारव्यात बोलावलं.